काळा धूर म्हणजे कोळसा वाया

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेल्या अडखळण्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर एक हात हँडलला ठेवा, आणि घरी भांडी घासत ऐकत असाल तर उत्तम, कारण आजचा विषय थोडा काजळीचाच आहे.

सुरुवातीला एक आवाज ऐकवतो.

[वाफेच्या इंजिनाची शिट्टी, मग हळूहळू वाढत जाणारा छुक-छुक आवाज]

हा आवाज मी गेल्या उन्हाळ्यात वेल्समध्ये माझ्या फोनवर टिपला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. फॅमिली ग्रुपवर टाकला. आईनं हार्ट दिलं, मावसभावानं ‘ट्रिप मस्त चाललीये’ असं लिहिलं, आणि कुर्डुवाडीहून आजोबांची व्हॉइस नोट आली. चार मिनिटांची!

आता तुम्हाला आमचे आजोबा माहीत नाहीत. माझं इंजिनिअरिंग झालं तेव्हा त्यांनी अंगठा पाठवला होता. नोकरी लागली तेव्हाही अंगठा. आणि एका इंजिनाच्या व्हिडिओवर चार मिनिटं! त्यात काय होतं ते सांगतो, पण आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो.

तर मी सॉफ्टवेअरवाला. कंपनीनं काही महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला पाठवलं होतं. काम काय, तर एक जुनी सिस्टीम सांभाळायची. ज्यानं लिहिली तो कधीच सोडून गेलेला, कागदपत्रं नाहीत, आणि बंद पडली की सगळ्यांचे फोन मला. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको. एका शुक्रवारी इतका वैतागलो की ठरवलं, उद्या लॅपटॉप घरी ठेवून कुठेतरी समुद्राकडे जायचं. बर्मिंगहॅमहून एक गाडी थेट वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याला जाते. बसलो. जवळजवळ चार तासांनी टविन नावाच्या गावात उतरलो, आणि तिथे एक दुसरंच स्टेशन दिसलं. खेळण्यातलं वाटावं एवढं छोटं.

ही टॅलिलिन रेल्वे. वेल्श लोक त्या ‘ल’चा उच्चार जीभ टाळूला लावून बाजूनं हवा सोडत करतात. मला तो काही जमत नाही, म्हणून मी आपलं साधं टॅलिलिनच म्हणणार.

या रेल्वेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो ऐकताना मला माझंच ऑफिस आठवलं. तिथल्या डोंगरात स्लेटची खाण होती. स्लेट म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचा दगड. तिकडे तो घराच्या छपरावर घालतात. तो दगड खाली किनाऱ्यापर्यंत आणायला १८६५ मध्ये ही रेल्वे बांधली. दोन रुळांमधलं अंतर फक्त ६८६ मिलिमीटर. इंजिनं दोन, एक १८६४ चं ‘टॅलिलिन’ आणि दुसरं १८६६ चं ‘डोल्गॉख’. पुढे प्रवासीही नेऊ लागले.

१९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेडन जोन्स यांनी विकत घेतलं. हे तिथले खासदार. त्यांनी शब्द दिला होता की मी जिवंत असेपर्यंत ही गाडी चालू राहील. १९४६ मध्ये खाण कोसळली आणि बंद झाली. वाहून न्यायला दगडच उरला नाही, पण म्हाताऱ्यानं गाडी बंद केली नाही. १९४८ ला ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारनं ताब्यात घेतल्या, त्या यादीतही ही रेल्वे नव्हती. म्हणजे सरकारनंही घेतली नाही, धंदाही नाही, स्लीपर कुजलेले, रुळांत गवत माजलेलं, दोनपैकी एकच इंजिन कसंबसं चालणारं. आणि जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले.

आमच्या क्षेत्रात एक शब्द आहे, ‘बस फॅक्टर’. म्हणजे तुमच्या टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट थांबेल? आकडा जितका लहान, तितकी भीती मोठी. टॅलिलिनचा बस फॅक्टर होता एक. आणि तो एक माणूस गेला.

आता इथून गोष्ट खरी रंगते. टॉम रोल्ट नावाचा एक इंजिनिअर होता, लेखकही होता. त्यानं लोकांना हाक दिली. ११ ऑक्टोबर १९५० ला बर्मिंगहॅमच्या इम्पीरियल हॉटेलात सभा भरली, सत्तरएक माणसं आली. तिथे जे ठरलं ते तोवर जगात कुठल्याच रेल्वेबाबत झालं नव्हतं: आपण, म्हणजे हौशी लोक, फुकट काम करून ही रेल्वे चालवायची. सर हेडन यांच्या पत्नीनं रेल्वेचे शेअर्स देऊन टाकले. १४ मे १९५१ ला या मंडळींची पहिली गाडी सुटली. चालवणारे हौशी, आणि इंजिन ते एकच, बिचारं डोल्गॉख.

दुसरं इंजिन आणायचं कुठून? तर जवळच कॉरिस नावाची अगदी तेवढ्याच गेजची रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती. तिची दोन इंजिनं प्रत्येकी पंचवीस पौंडांना मिळाली. आणून रुळावर ठेवली तर एक सारखं घसरायला लागलं. कारण रूळ इतकी वर्षं झिजून, सरकून आखल्यापेक्षा जास्त फाकले होते, आणि या इंजिनाची चाकं बारीक होती. जुनी इंजिनं त्या बिघडलेल्या रुळांवर निभावून नेत होती, म्हणून बिघाड दिसतच नव्हता. मंडळी, हे ऐकून मी खरंच हसलो. आमच्याकडे नवीन मॉड्यूल जोडलं की असंच होतं. सगळे नव्याला शिव्या देतात, आणि चूक निघते पायात.

असो. मी तिकीट काढलं आणि डब्यात बसलो. पावणेबारा किलोमीटरचा रस्ता, साधारण तासाभराचा प्रवास. वेग म्हणाल तर शेजारून सायकलवाला गप्पा मारत येईल एवढा. डब्यात समोरासमोर लाकडी बाकं, गुडघ्याला गुडघा लागतो, त्यामुळे न बोलून चालत नाही. आणि उतरताना लक्षात आलं की डब्याला एकाच बाजूला दारं आहेत. दुसऱ्या बाजूला नाहीतच.

मी गार्डला विचारलं, हे असं का? तो खूश झाला. १८६६ मध्ये सरकारी तपासनीस आला, त्यानं पुलांखाली मोजमाप घेतलं. डबा आणि पुलाची भिंत यांत इतकी कमी जागा की अडचणीच्या वेळी माणूस दार उघडून बाहेरच पडू शकणार नाही. आता पूल पाडून नवे बांधायला पैसे कुठले? मग यांनी काय केलं, पुलाखालचे रूळ एका बाजूला सरकवले आणि भिंतीकडची दारं कायमची बंद केली. दीडशे वर्षांहून जास्त झाली, तो ‘तात्पुरता’ उपाय अजून चालू आहे!

वर जाताना डोल्गॉख नावाच्या स्टेशनाआधी विटांचा एक उंच पूल लागतो, खाली ओढा, दोन्हीकडे गर्द झाडी. स्टेशनात इंजिन पाणी प्यायला थांबतं. तिथे मी खाली उतरून इंजिनापाशी गेलो. आत एक मुलगा, असेल वीस-बावीसचा, घामाघूम, हातात फावडं. शेजारी ड्रायव्हर, साठीचा. मी नुसता बघत उभा राहिलो, तर ड्रायव्हरनं स्वतःहून दाखवायला सुरुवात केली. त्या पाच मिनिटांत मी जे शिकलो ते कॉलेजच्या एका सत्रात शिकलो नव्हतो.

एक उदाहरण देतो. छुक-छुक आवाज कशाचा असतो माहितीये? सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर सोडतात, त्याचा. ती वाफ वर जाताना मागची हवा ओढून नेते, म्हणजे भट्टीतून हवा खेचली जाते, म्हणजे आग फुलते. चढ आला, इंजिनाला जोर लागला, की वाफ जास्त सुटते, हवा जास्त ओढली जाते, आग आपोआप वाढते. जितकं काम, तितकी आग. ना सेन्सर, ना कोड. नुसती एका पाइपची जागा बरोबर निवडलेली.

दुसरं उदाहरण. भट्टीच्या छतावर कायम पाणी पाहिजे. पाणी कमी झालं तर ते छत तापून मऊ पडेल आणि बॉयलर फुटेल. म्हणून त्या छतात एक बूच बसवतात, मधे शिशासारखा लवकर वितळणारा धातू भरलेला. पाणी खाली गेलं की तो वितळतो, वाफ आणि पाणी भट्टीत सुटतं, आणि सगळ्यांना कळतं की आता आग काढा. माणूस विसरला तरी धातू विसरत नाही.

आणि तिसरं तर माझं फारच लाडकं. रूळ एकेरी, गाड्या दोन्हीकडून येणार. मग टक्कर कशी टाळायची? प्रत्येक तुकड्यासाठी एक धातूचं टोकन. ते ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय त्यानं त्या तुकड्यात शिरायचंच नाही. एका वेळी टोकन एकच बाहेर येतं. प्रोग्रामिंगवाल्यांनो, ओळखलंत ना? आपण ज्याला लॉक म्हणतो तेच. आपल्याला वाटतं हे आपल्या लोकांनी शोधून काढलं. रेल्वेवाले एकोणिसाव्या शतकापासून ते खिशात घालून फिरतायत.

पण खरं सांगू का, मला त्या यंत्रापेक्षा त्या दोघांमधलं काहीतरी आवडलं. तो साठीचा ड्रायव्हर आयुष्यभर शाळेत शिकवत होता. मुलगा कॉलेजात. दोघांनाही या कामाचे पैसे मिळत नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, इथे कुणीही येऊन एकदम इंजिन चालवू शकत नाही. आधी सफाई, पहाटे येऊन राख काढायची, तेल द्यायचं, जाळ लावायचा. बॉयलर थंड असेल तर वाफ धरायला काही तास जातात, घाई केली तर धातू एकसारखा तापत नाही आणि सांधे खराब होतात. मग काही वर्षांनी फायरमन. मग आणखी काही वर्षांनी ड्रायव्हर. क्लीनर, फायरमन, ड्रायव्हर.

हे तीन शब्द मी आधी कुठेतरी ऐकले होते. तेव्हा डोक्यात वीज चमकली नाही, नुसतं ओळखीचं वाटलं. गाडी सुटली, मी व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला.

आता आजोबांची व्हॉइस नोट. त्यांची परवानगी घेतलीये, थोडीशी ऐका.

[“कोण फायरमन हाय त्याचा? नवीन दिसतंय पोरगं. धूर बघ किती काळा सोडलाय. काळा धूर म्हंजे कोळसा वाया! आन् स्टेशनात उभं हाय तर सेफ्टी उडतीया, आधीच जास्त जाळ करून ठिवलाय. त्याला म्हणावं, थोडा थोडा टाक. कोपऱ्यात टाक. फावडं उपडं धरून आत बघ, मंग कळतं कुठं भोक पडलंय आगीला...”]

असं चार मिनिटं! चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवर संपूर्ण कोड रिव्ह्यू!

तर, आजोबा बार्शी लाईटवर होते. मला एवढं माहीत होतं की ते ‘रेल्वेत’ होते. लहानपणी मला वाटायचं तिकिटं फाडत असतील. १९६६ मध्ये ते कुर्डुवाडीच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. मग फायरमन. मग ड्रायव्हर. तेच तीन शब्द.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरची. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. पुढे एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. गेज ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपचं डोकं असं की वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ दिलं नाही, तर हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल जातो. वारकऱ्यांच्या किती पिढ्या त्या गाडीनं पंढरपूरला गेल्या असतील! १९५४ मध्ये सरकारनं ती घेतली. पुढे डिझेल आलं, नंतर सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. म्हणजे आजोबांची गाडी आता उरलेली नाही. मी फोनवर टॅलिलिनचं गेज सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे आपल्यापेक्षा तीन इंचानं बारीक.” मी नंतर हिशेब केला. बरोबर तीन इंच.

आता माझ्या मनात काय होतं सांगतो. मला वाटलं आजोबा हळवे होतील. म्हणतील, काय ते दिवस होते, आमची गाडी बंद केली, वाईट केलं. मी विचारलंसुद्धा, “आजोबा, डिझेल आलं तेव्हा वाईट वाटलं का हो?”

ते म्हणाले, “वाईट? पेढे वाटले की!”

मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यात सोलापूरकडचं ऊन आणि पुढ्यात भट्टी. डोळ्यात उडणारे निखाऱ्याचे कण. डाव्या पायावर भाजल्याचा डाग, जो मी लहानपणापासून बघत आलो आणि कधी विचारला नाही. आज्जी त्यांचे कपडे घरच्या कपड्यांत कधी मिसळायची नाही, वेगळ्या बादलीत भिजवायची. आणि ब्रॉडगेज झाल्यावर लातूरच्या लोकांना थेट मुंबईची गाडी मिळाली, ते काय वाईट झालं का? असं ते मलाच विचारत होते.

मंडळी, इथे मी जरा गप्प झालो. कारण वेल्समध्ये त्या लाकडी बाकावर बसून मी मनातल्या मनात एक छान गोष्ट रचली होती, की जुनं ते सोनं, आपण सगळं गमावलं वगैरे. आणि ज्या माणसानं तो कोळसा खरोखर ओढला तो म्हणतोय, बरं झालं सुटलो.

मग टॅलिलिनमध्ये मला जे आवडलं ते खोटं होतं का? बरेच दिवस विचार केला. मला वाटतं नव्हतं. त्या खाणीतल्या मजुरांनाही ती गाडी गोड वाटली नसणार. जोवर पोटासाठी करावं लागतं तोवर ते काम असतं, अंग मोडणारं. सक्ती संपल्यावर त्यातलं कसब तेवढं वेगळं दिसायला लागतं. तो कॉलेजचा पोरगा शनिवारी घाम गाळून संध्याकाळी घरी जाऊ शकतो, आजोबांना तशी सोय नव्हती. पण म्हणून आजोबांचं कसब कमी मोलाचं होत नाही. उलट चाळीस सेकंदांचा धूर बघून आगीत काय चुकलंय हे सांगणारा माणूस आमच्या घरात होता, आणि आम्ही त्याला कधी काही विचारलंच नाही. त्याचं मला वाईट वाटलं, इंजिनाचं नाही.

आपल्याकडे जुनं इंजिन जपायचं म्हणजे रंग देऊन चौथऱ्यावर उभं करायचं. तुम्ही स्टेशनांबाहेर बघितलं असेल, कुंपण, फलक, आणि सेल्फी. लोखंड राहतं. पण पहाटे जाळ कसा लावायचा, चढ यायच्या किती आधी कोळसा टाकायचा, हे त्या लोखंडात नसतं, ते हातात असतं. हात बदलत राहिले तरच टिकतं. दार्जिलिंगला वाफेची गाडी अजून धावते, १९९९ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, तिथे ते हात अजून आहेत. माथेरानची गाडी १९०७ ची, पण आज तिला ओढतं डिझेल. टॅलिलिनवाल्यांनी लोखंडासोबत शिकवण्याची ती साखळी जपली. म्हणूनच १९५१ मध्ये एका इंजिनावर जगलेली रेल्वे १९७६ मध्ये पुढे नान्ट ग्वेर्नॉलपर्यंत वाढली, आणि २०२१ मध्ये वेल्सच्या स्लेटच्या प्रदेशासोबत तीही जागतिक वारसा ठरली.

सगळं गोड आहे असंही नाही. दक्षिण वेल्समधली मोठी उघडी कोळसा खाण २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये ब्रिटननं कोळशावरचं शेवटचं वीज केंद्रही बंद केलं. हवेसाठी हे चांगलंच आहे, मी त्याच बाजूचा आहे. पण मग या छोट्या गाड्यांनी जाळायचं काय? बाहेरून कोळसा आणतात, तयार इंधनाच्या गोळ्या वापरून बघतात. प्रत्येक नव्या इंधनाची आग वेगळी, म्हणजे फायरमननं पुन्हा शिकायचं.

आता शेवट. आजोबांनी बजावलं होतं की त्या पोराला सांग. माझी परत यायची वेळ झाली होती, तरी एका रविवारी पुन्हा गेलो. पोरगा त्या दिवशी नव्हता, पण तो जुना मास्तर-ड्रायव्हर होता. मी त्याला माझ्या इंग्रजीत आजोबांचं सगळं सांगितलं. थोडा थोडा टाक, कोपऱ्यात टाक, फावडं उपडं धरून बघ, काळा धूर म्हणजे कोळसा वाया. तो हसायला लागला. म्हणाला, मी त्याला रोज हेच सांगतो. मग विचारलं, तुझे आजोबा कुठल्या रेल्वेवर होते? मी म्हटलं, बार्शी. त्यानं कागदावर लिहून घेतलं.

मी हे आजोबांना फोन करून सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, “मंग? आग काय येगळी असती व्हय तिकडं?”

आता मी दर रविवारी त्यांना फोन करतो आणि रेकॉर्ड करतो. दर वेळी एकच प्रश्न विचारतो, बाकी ते बोलतात. गेल्या रविवारचा प्रश्न होता, थंड इंजिनात पहिला जाळ कसा लावायचा. एक तास पाच मिनिटं झाली, आणि अजून काडी पेटलेली नाही. आधी राख कशी काढायची तेच चाललंय.

तुमच्या घरात असं कुणी असेल, रेल्वेतलं, गिरणीतलं, छापखान्यातलं, तर एक प्रश्न विचारून बघा आणि मला कळवा काय उत्तर आलं. फक्त “ते दिवस किती छान होते ना” असं विचारू नका. “काम कसं करायचात” असं विचारा.

आणि हो, आजोबांनी या भागासाठी निरोप दिलाय. हेडफोन जरा हळू आवाजात लावा, म्हणाले. शिट्टीजवळ उभं राहून त्यांचा उजवा कान गेलाय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!